केरबाचा पगार

“…मग तुम्हीच सांगा बाबा, जो माणूस बास्केटच करत नाही, त्याला एवढा पगार कशासाठी द्यायचा?”

यासीनबाबा चहा पीत होते. उत्तराची त्यांना घाई नव्हती.

विचारणारा निनाद राजाध्यक्ष. पुण्याच्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघात कोणता खेळाडू किती पैशांचा, हे ठरवणं ही त्याची नोकरी. तो हुशार होता, आणि ते त्याला माहीत होतं, हीच पंचाईत होती.

केरबा मगदूमचा करार संपत आला होता. निनादच्या मते तो वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. करार गेला असता तर या वयात केरबाला दुसऱ्या संघाने दारातही उभं केलं नसतं. पण संघाचे मालक बाबांचे जुने शिष्य. ते म्हणाले, “कराराचा कागद घेऊन बाबांकडे जा. बोल त्यांच्याशी. मग सही करायची की नाही, ते तूच ठरव.”

बाबा फकीर माणूस. कृष्णाकाठच्या दर्ग्यामागे पटांगण होतं. तिथे त्यांनी कधीतरी दोन खांब रोवले आणि गावाला हा खेळ लावला. केरबा तिथलाच. सुट्टीत घरी आला की अजूनही तिथे खेळायचा. आताही खेळत होता.

बाबांनी कप खाली ठेवला.

“तुम्ही खेळता का, साहेब?”

“विद्यापीठाकडून खेळलोय.”

“मग उतरा केरबाच्या बाजूने. एक बास्केट करा, मग बोलू.”

“एकच?”

“एक पुष्कळ झाली.”

निनादने बाह्या सरसावल्या. पहिल्याच झपाट्यात त्याने बास्केट केली आणि बाबांकडे पाहिलं. बाबा गुण मांडायच्या फळ्याशी खडू घेऊन बसले होते. खडू हलला नाही.

त्याने आणखी एक केली. खडू गप्पच.

पुढची तर त्याने लांबून टाकली, रिंगला न शिवता आत गेली. फळा कोराच राहिला. निनादचा पारा चढला.

“बाबा, चष्म्याचा नंबर वाढलाय का?”

“असेल. पण कुणामुळे झाली ते दाखवा, मग मांडतो. इथली रीत आहे. बास्केट करणाऱ्याने बोट दाखवायचं.”

“माझ्यामुळे झाली की.”

“मग राहू दे.”

खेळ पुन्हा सुरू झाला. निनादने बास्केट केली आणि नाइलाजाने चेंडू देणाऱ्याकडे बोट केलं. तो गडी हसला.

“मी नुसता चेंडू दिला हो. तुमच्या अंगावर येणारा कुठं राहिला, ते बघा की.”

निनादने मागे वळून पाहिलं. त्याला अडवायला धावलेला माणूस केरबाच्या छातीला अडकून पडला होता. केरबा दोन्ही हात पोटाशी धरून खुंटासारखा उभा. चेंडूकडे त्याचं लक्षही नव्हतं.

…

पुढच्या वेळी निनादने धावता धावता केरबाकडे नजर ठेवली. केरबा आधीच वाटेत जाऊन उभा राहिला. बरगडीत कोपर बसलं तरी जागचा हलला नाही. समोर वाट मोकळी झाली. अशा मोकळ्या वाटा निनादला आयुष्यभर मिळाल्या होत्या, आणि त्या आपल्या पायांनीच काढल्या, असं तो समजत होता.

त्याने चेंडू टाकला. तो आत गेला की नाही हे बघायच्या आधीच त्याचा हात वर गेला होता. बोट केरबाकडे.

सगळं पटांगण ओरडलं. बाबांनी फळ्यावर ठसठशीत रेघ ओढली. केरबा लाजून खाली बघू लागला, तर निनादने धावत जाऊन त्याला मिठीच मारली. विद्यापीठाचा चषक उचलतानाही निनादला इतका आनंद झाला नव्हता. का झाला, हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

तो धापा टाकत बाबांकडे आला. पिशवीतून कागद काढला आणि ओट्यावर टेकवून सही केली. केरबाने कागद दोन्ही हातांनी घेतला.

“जा, घरी सांगून ये,” बाबा म्हणाले.

केरबा पळतच गेला.

निनाद बाबांशेजारी टेकला. पण जित्याची खोड…

“बाबा, कळलं मला. आता एवढंच सांगा, हे आड उभं राहणं मोजायचं कसं? त्याचा एक वेगळा रकाना करतो. गुण किती धरू?”

बाबांनी दुसरा चहा मागवला.

“मघाशी तुमचा हात वर गेला, साहेब… तो किती गुण, ते विचारून गेला होता का?”