गळखिंडीची पहिली ओढ

समोरच्या खडकात ही गुळगुळीत पट्टी दिसते ना, माणूस आडवा मावेल एवढी, तिच्यावर पाय देऊ नका. देवबिव काही नाही तिथं, चपला काढायचीही गरज नाही. घसराल, म्हणून सांगतो. मागच्या साली एक पाहुणे फोटोसाठी तिच्यावर ऐटीत उभे राहिले आणि थेट खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसले. काटे काढता काढता आमची म्हातारी माणसं दमली.

खाली कड्याच्या पायथ्याशी ती सुरू होते आणि वर या चिंचेपाशी संपते. पाण्यानं झालेली नाही. चामड्यानं झाली आहे, आणि ती कशी झाली ते ऐकायचं असेल तर सावलीला बसा.

या खिंडीला गळखिंड म्हणतात, कारण तिचा कडा गळतो. पाणी नव्हे, धोंडे. हल्ली जाळी मारली आहे, तेव्हा नव्हती. किती वर्षं झाली हे कुणालाच धड सांगता येत नाही. कातळमाथे गावात तेव्हा मोटेवर शेती होत होती, एवढं नक्की. तुमच्यातल्या तरुणांनी मोट बघितली नसेल. चामड्याची मोठी पिशवी असते. ती विहिरीत सोडायची, तिला नाडा म्हणजे जाड दोर बांधायचा, आणि बैल पुढं गेले की भरलेली मोट वर येते. पाणी पाटात पडलं की मोटकरी हाक देतो, बैल त्याच पावली मागं सरतात, मोट परत खाली जाते. दिवसभर हेच.

या मोटा शिवायचं काम गावात कोंडाईचं होतं. बाई हाताची पक्की आणि तोंडाची त्याहून पक्की. तिनं शिवलेली मोट तीन वर्षं विहिरीच्या दगडावर घासली तरी उसवत नसे म्हणे. नवरा भागूजी मात्र गरीब माणूस, बायको दोन शब्द जास्त बोलली तर हसून बाहेर जाणारा. पण बाईचा त्याच्यावर जीव होता. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

त्या वर्षी वैशाखात गाव खिंड रुंद करायला निघालं, नदीपर्यंत गाडी जावी म्हणून. घरटी एक माणूस आलं होतं. दुपारी कडा सुटला. बाकीचे पळाले, दोघं आत राहिले. एक पाटलाचा धाकटा भाऊ शिवराम आणि दुसरा भागूजी. दोघांचेही पाय चेचले होते, पण जीव होता. हाका ऐकू येत होत्या.

चौघं खाट घेऊन आत गेले. आता खाट उचलायची तर चौघांना उभं राहावं लागतं, आणि कडा तर थांबलेलाच नव्हता. घटकेत दोन धोंडे, घटकेत चार. एकाच्या खांद्यावर बसला, तशी खाट टाकून सगळे माघारी आले. पाटील म्हणाला, "आता कुणी आत जायचं नाही. कडा निवला की बघू." स्वतःचा भाऊ आत असताना म्हणाला हो, त्याला काय वाटलं असेल! पण कडा कधी निवणार, उद्या की परवा, हे कुणाला माहीत?

कोंडाई तेव्हा निंबा मोटकऱ्याच्या विहिरीवर नवी मोट शिवत बसली होती. बातमी कळली तशी ती रडत ओरडत पळाली नाही. हातातल्या रापीनं तिनं आपणच घातलेले टाके उसवले, मोट उलगडून सपाट केली, पाठीवर टाकली आणि निंबाला म्हणाली, "नाडा सोड. बैल घे. शेजारच्या दोन विहिरींचेही नाडे आण."

"कशाला, वहिनी?"

"माणसं उचलता येत नाहीत तर ओढायची. भरलेली मोट दगडावरनं वर येते, माणूस का येणार नाही?"

खिंडीच्या तोंडाशी गाव जमलं होतं. कोंडाईनं चामड्याच्या खालच्या अंगाला करंजाचं तेल चोळलं, तिन्ही नाडे जोडले, एक टोक चामड्याला आणि दुसरं वर चिंचेपाशी निंबाच्या बैलांना बांधलं. त्यातही एका जाणत्या म्हाताऱ्याला शंका आली. पाटलाच्या भावाला चामड्यावर निजवायचं? कोंडाई वळली आणि म्हणाली, "सकाळी पाणी प्यालात ते याच चामड्यातनं आलेलं ना? मग गप उभे राहा."

उभं राहणाऱ्याला धोंडा लागतो, हे तिनं ओळखलं होतं. ती पोटावर आडवी झाली, चामडं डोक्यावरून पाठीवर ओढून घेतलं आणि कड्याच्या बुडाशी अंग घासत सरपटत आत गेली. कासवासारखी दिसत होती म्हणतात. दोनदा चामड्यावर खडी पडली. ती थांबली, पुन्हा निघाली.

आधी शिवराम लागला. त्याला ओलांडून ती पुढं गेली. ही गोष्ट आमच्या गावात कुणी लपवत नाही. भागूजी तिथून दोन हातांवर एका कपारीखाली होता. तिला बघून म्हणाला, "कोंडे, त्याला आधी ने. पोराचं रक्त फार जातंय. मी आडोशाला आहे, थांबतो."

"गप पडा," ती म्हणाली. "आधी तुम्ही."

चामडं अंथरलं. भागूजीला त्यावर घेतलं, डोकं नाड्याच्या बाजूला केलं, घसरू नये म्हणून त्याच्याच पागोट्यानं काखेखालून बांधलं. मग नाड्याला हिसका दिला. वर निंबानं बैल हाकले.

आणि आलं की हो चामडं! तेल लावलेलं, खडकावरनं सरसर वर निघालं. लोक ओरडायला लागले. पाच पावलं, दहा पावलं. आणखी चाळीस पावलं गेली असती तर धोंड्यांच्या टप्प्याबाहेर होता.

निंबाच्या विहिरीची धाव बावीस पावलांची. बैल बावीस पावलं गेले की मोट वर आलेली असायची, आणि निंबा मागं फिरायची हाक द्यायचा. सात वर्षं, दिवसाला तीनशे खेपा. त्या दिवशी बाविसाव्या पावलाला त्याच्या तोंडातून तीच हाक गेली. त्यानं दिली नाही, ती गेली. बैल शहाणे, ऐकणारे. लगेच मागं सरले.

नाडा ढिला पडला. उतारावरचं चामडं, भागूजीला बांधलेलं, आलं तसं खाली गेलं. निंबा किंचाळून बैलांना मारायला लागला, बैल बिथरले, आडवे झाले. तेवढ्यात वरून मोठा धोंडा आला.

कोंडाईनं कपारीतून ते सगळं बघितलं.

पुढं तिनं काय केलं ते ऐका, कारण गाव तिला मानतं ते यासाठी. ती भागूजीपर्यंत सरपटत गेली. नाकापाशी हात धरला. पागोट्याची गाठ सोडली. नवऱ्याला बाजूला केलं आणि चामडं शिवरामकडे घेऊन गेली. तिथून तिनं आवाज दिला, तो वर चिंचेपर्यंत ऐकू आला, "बैल सोडा! माणसं लावा!"

मग पाटलानं स्वतः नाडा धरला. त्याच्यामागं सगळं गाव. शिवराम एका दमात वर आला. चामडं दोरीनं परत खाली सोडलं. दुसऱ्या खेपेला त्यावर भागूजी आला, आणि तिसऱ्या खेपेला कोंडाई. शिवराम जगला, लंगडत का होईना सत्तरीपर्यंत जगला.

निंबानं मात्र त्या दिवसापासून तोंड उघडलं नाही. बैल विकले, विहिरीवर जाणं सोडलं. बायकोशी बोलेना, पोरांशी बोलेना. जिभेनं माणूस मारला, आता तिचं काम नाही, असं त्याच्या मनानं घेतलं असावं. कोंडाईच्या दारावरून जायचं टाळायला तो शेताला वळसा घालून जायचा.

वर्ष झालं. त्याच तिथीला दुपारी कोंडाई त्याच्या दारात उभी राहिली. खांद्यावर तेच चामडं होतं. म्हणाली, "चल." तो मान खाली घालून मागं चालायला लागला. गावही निघालं. खिंडीत कड्याच्या पायथ्याशी तिनं चामडं अंथरलं, नाडा बांधला आणि त्याचं टोक निंबाच्या हातात दिलं.

"तुझ्या तोंडून हाक गेली," ती म्हणाली. "माझ्या माणसानं सांगितलं होतं, आधी शिवरामला ने. मी ऐकलं नाही. वर्षभर मीच एकटी जळतेय असं मला वाटत होतं, मग तुझ्याकडं बघितलं. आता ओढ. त्यांना वर घेऊन चल."

रिकामं चामडं हो! पण निंबानं ते ओढलं, भरल्या मोटेसारखं, अंग पुढं झोकून. मागून माणसं लागली. बाविसाव्या पावलाला त्याचे पाय अडले. सगळे थांबले. कोंडाई बाजूनं चालत होती. ती म्हणाली, "हाक दे, निंबा."

निंबानं नाडा खांद्यावर घट्ट घेतला. मग त्याचं तोंड उघडलं, वर्षात पहिल्यांदा, आणि तो ओरडला, "पुढं!" असा ओरडला की बायका रडायला लागल्या, असं सांगतात. चिंचेपर्यंत ते कुठंही थांबले नाहीत.

आजही वैशाखात त्या तिथीला गाव इथं जमतं. बैलांना त्या दिवशी जू लागत नाही. चामडं असतं, तेल असतं, आणि लहानथोर सगळ्यांना आळीपाळीनं त्यावर निजवून ओढलं जातं. कसं बांधायचं, डोकं कुठं ठेवायचं, सरपटत कसं जायचं, हे सगळ्यांना यावं म्हणून. मोटा गेल्या, पंप आले, तरी घराघरात असं एक चामडं दारामागं टांगलेलं असतं. वणव्यात, पुरात ते कामाला आलेलं आहे. पण पहिली ओढ रिकामीच असते. ती भागूजीची. रिकाम्या चामड्याला एवढा जोर कशाला, असं पाहुणे विचारतात. विचारू देत. बाविसाव्या पावलाला सगळे थांबतात आणि निंबाच्या घरातलं माणूस हाक देतं.

गेली एकतीस वर्षं ती हाक मी देतोय. दर वर्षी वाटतं, तोंडातून भलतंच गेलं तर? आदल्या दिवसापासून मी कुणाशी बोलत नाही.