पुरावा अपुरा

"आणि गुलाम? गुलाम मोकळा कसा व्हायचा?"

हा प्रश्न फादर मच्याडोंनी सुरुवातीलाच विचारला, की बोलण्याच्या ओघात नंतर, हे इनासला आता खात्रीने सांगता येत नाही. सत्तरी उलटल्यावर आठवणी जागा बदलतात. निघताना फाटकापाशी आपण एकदा मागे वळून पाहिलं होतं, असं मात्र तो वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आला. ते खरं होतं की नुसतं सोयीचं, कोण जाणे.

दुपार होती, एवढं नक्की. वसईला, चर्चमागच्या फादरांच्या अंगणात, चटईवर सोललेली केळी सुकत घातली होती. फादर उकिडवे बसून एकेक सुकेळं उलटत होते. बोटं मधात बुडवल्यासारखी चिकट. ओट्यावर पावलू तांदूळ निवडत होता. चर्चची घंटा तोच वाजवायचा आणि फादरांचा स्वयंपाकही तोच करायचा.

फादरांच्या शेजारी इनासचा प्रबंध पडला होता. युरोपच्या कायद्यावर, धर्मावर आणि समाजावर रोमचा ठसा कसा उमटला, याची टंकलिखित चारशे पानं. फादरांनी ती आठवडाभर वाचली होती.

इनास तेव्हा सत्तावीस वर्षांचा. आईबाप गेल्यावर नवव्या वर्षी फादरांनी त्याला आपल्याकडे आणलं, लॅटिन शिकवलं, पुढे मुंबईला धाडलं. धाडताना एक शब्द घेतला. शिकून परत येशील, शाळा तू सांभाळशील. आता इटलीतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं, आणि इनासला तो शब्द परत हवा होता.

"प्रबंधाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, फादर."

"वाचला की."

"मग?"

"मिस्सेच्या प्रार्थनेला घालतो, तो माझा झगासुद्धा रोमन निघाला म्हणे."

"प्रवासात घालायचा डगला होता तो. पावसाथंडीचा."

"ऐकलंस, पावलू? चाळीस वर्षं प्रवासाचा डगला घालून वेदीपुढे उभा आहे, आणि गेलो कुठेच नाही."

पावलू हसला. इनास हसला नाही.

"धर्मप्रांताची विभागणी रोमन. लग्नाला दोघांची संमती हवी, हा नियम रोमन. तुम्ही ज्याला देवाचं म्हणता, त्यातलं निम्मं रोमच्या कचेरीतून आलंय, फादर."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते माझ्या विषयात येत नाही."

फादरांनी एक सुकेळं उलटलं. मग दुसरं...

"तुझ्या रोममध्ये बाप मुलाला मोकळं कसं करायचा?"

"तीनदा विकून. बापाने मुलाला तीनदा विकलं, की मुलगा बापाच्या सत्तेतून सुटे."

"तीनदा! मला एकदाही जमलं नसतं."

"मी तुमचा मुलगा नाही, फादर."

पावलूचा हात सुपात थांबला.

"नाही," फादर म्हणाले. "नाहीस..."

त्यांनी चटई थोडी उन्हाकडे सरकवली.

"बरं. आणि गुलाम? गुलाम मोकळा कसा व्हायचा?"

तेव्हा बहुधा इथेच विचारला असावा तो प्रश्न. इनासने परीक्षेत सांगावं तसं सांगितलं. धनी गुलामाला न्यायाधिकाऱ्यापुढे नेई. अधिकाऱ्याचा माणूस त्याच्या अंगाला काठी लावून म्हणे, हा माणूस मोकळा आहे. धनी हरकत घेत नसे. झालं.

"एवढंच?"

"एवढंच."

"काही राहिलं नाही?"

"फादर, हा माझा विषय आहे!"

"हो रे. तुझाच आहे." फादरांनी चिकट बोटं एकमेकांवर घासली. "मिस्सा लॅटिन सोडून मराठीत होऊन दोन वर्षं झाली. शाळेत लॅटिनला एक पोर नाही. माझं व्याकरण ऐकायला तू आणि देव, दोघंच उरलात. देवाला ते आधीपासून येतं."

"म्हणून मी इथे अडकून पडू? माझा शब्द मला परत द्या. देणार की नाही, तेवढं सांगा."

फादर गुडघ्यावर हात टेकून उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"इकडे ये."

इनास पुढे झाला. त्याला वाटलं, आशीर्वाद देतील.

फादरांनी त्याच्या गालावर थप्पड मारली. मग दोन्ही खांदे धरून त्याला गर्रकन फिरवलं, तोंड फाटकाकडे केलं, आणि हात काढून घेतले.

अठरा वर्षांत फादरांनी त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता.

इनासने प्रबंध उचलला आणि चालू लागला. गालावरचा सुकेळ्याचा चिकटा स्टेशन येईपर्यंत तसाच होता. पुढे इटलीत कुणी विचारलं, तर तो सांगायचा, "मारून हाकललं मला." त्याने पत्र लिहिलं नाही. फादर गेल्याची तार हातात पडली तेव्हा तो वर्गावर होता, रोमन समाज शिकवत. तार खिशात ठेवून त्याने तास पुरा केला.

साठीला आला, आणि प्रबंधाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं. त्याने जुनी प्रत बाहेर काढली. फादरांनी वाचलेली तीच. पान एकशे बारावर, अगदी तळाशी, तपकिरी अंगठा उमटला होता. कधीकाळी मुंग्यांनी तिथला कागद थोडा कुरतडलाही होता. अंगठ्याखाली त्याचीच तळटीप होती, बारीक अक्षरात:

"मोकळा करताना धनी गुलामाच्या गालावर एक शेवटची थप्पड मारी, व त्याला गिरकी देऊन सोडून देई, असे काही ठिकाणी म्हटले आहे. पुरावा अपुरा."

इनास ते पान हातात धरून किती वेळ बसला, हेही त्याला आता आठवत नाही.

त्या वर्षी तो वसईला आला. फादरांच्या थडग्यावर लॅटिनमध्ये दोन ओळी होत्या, त्यांत एक चूक होती. दुरुस्त करायला गावात कुणी उरलं नसावं. पावलू मात्र होता. डोळ्यांत फूल पडलेलं, त्याच ओट्यावर, हात रिकामे.

"पावलू, त्या दिवशी फाटकापाशी मी मागे वळून बघितलं होतं ना?"

"नाही, इनासभाऊ."

"नीट आठव."

"आठवतं तर. फादर तिथेच उभे होते, भर उन्हात. मीच म्हटलं, बघा फादर, एवढं वाढवलंत, पोर वळूनसुद्धा बघत नाही."

"मग... काही बोलले?"



"म्हणाले, 'बरं झालं. वळला असता, तर त्याला सोडणं माझ्याच्याने झालं नसतं.'"