एक नंबरची चिठ्ठी

लोकसभेचं मतदान संपायला पाच मिनिटं उरली होती आणि रांगेत अजून साठ बाया होत्या. पहाटे चारपासून राबून केंद्राध्यक्ष गेडाम मॅडमचे पाय सुजले होते, तरी त्या रांगेतल्यांना द्यायच्या नंबरच्या चिठ्ठ्यांवर सह्या करत होत्या. तेवढ्यात पंचायत समितीचे सभापती दादासाहेब रांग तोडून दारात आले. सत्तरी उलटली, पण अक्कल काही आली नव्हती.

“मला एक नंबरची चिठ्ठी दे, नाहीतर उद्या बदली!”

“आम्ही काय गुरं हाओत?” बाया खवळल्या.

सहाच्या ठोक्याला मॅडमने फाटक लावलं आणि सही केलेली एक नंबरची चिठ्ठी दादासाहेबांना दिली. ते मिशीत हसत आत निघाले.

“तिकडे नाही, मागे. सहानंतर कुणी घुसू नये म्हणून चिठ्ठ्या रांगेच्या शेपटाकडून वाटतात. एक नंबर शेवटच्याचा.”

“मला मागे उभं करतेस?”

“मागितलात तोच नंबर दिला, दादासाहेब. साठ बाया होऊ द्या. मीही उभीच आहे.”