निळीचा नंबर

हँडल मारून मोटारी सुरू कराव्या लागत, त्या काळातली एक निळी मोटार म्हातारपणी सरंजामे नावाच्या हौशी गृहस्थांकडे आली. तिचं मूळ इंजिन फुटलं होतं. सरंजाम्यांनी तशाच दुसऱ्या मोटारीचं इंजिन आणलं, त्यावरचा नंबर घासून काढला आणि तिथे निळीचा जुना नंबर ठोकला.

"आता तू जन्मापासून माझंच," निळी इंजिनाला म्हणाली. "आधीचं काही बोलायचं नाही."

"माझ्या जिवावर एक डॉक्टरीणबाई वेळी-अवेळी घाट चढायच्या. तेही नाही?"

"तेही नाही."

जुन्या मोटारींच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून दिघेबाई आल्या. त्यांनी नंबर वाचला आणि मग त्याच्याभोवती बोट फिरवलं.

"कारखान्यातून येताना इथे बारीक रेघा असतात. हे तर आरशासारखं गुळगुळीत आहे. सरंजामे, तुमची गाडी बाद."

शेजारच्या काळ्या मोटारीचंही इंजिन बदललेलं होतं, पण त्यावर त्याचा स्वतःचाच नंबर होता आणि मालकाने तसं आधीच सांगितलं होतं. बाईंनी तिचे थोडे गुण कापले आणि तिला स्पर्धेत ठेवलं.

परतताना मोठा चढ लागला. इंजिनाने निळीला न कुरकुरता वर आणलं. माथ्यावर आल्यावर तिने हळूच विचारलं, "तुझा खरा नंबर काय होता रे?"

"घासायच्या आधी विचारायचंस," इंजिन म्हणालं. "अंगावरच होता, म्हणून मी कधी पाठ केला नाही."