वाढत्या अंगाचा वाघ

"मग चूक पॅटर्नचीच म्हणायची ना, मास्तर?"

ललितानं विचारलं आणि पिशवीतला वाघ काढून ओट्यावर पसरला.

पिवळ्या फलालीनचा वाघ, अंगावर काळे पट्टे. हात, पाय, पोट सगळं एकसंध शिवलेलं. पोरानं आत शिरायचं आणि मागून कुणीतरी चेन ओढायची.

गुलाब मास्तरांनी वाघाला हात लावला नाही. दर्ग्याच्या ओट्यावर, भिंतीला पाठ टेकून ते बसले होते. दुकान सोडल्यापासून दुपारची त्यांची जागा हीच. ज्याचं काही उसवलं, फाटलं असेल त्यानं आणून द्यावं, मास्तरांनी जमेल तसं शिवून द्यावं. हल्ली तेही जमत नव्हतं. हात थरथरायचा, आणि डोळ्यांपुढं सदा धुकं.

"कुणाचा हा?"

"केतकीचा. माझ्या पोरीचा. उद्या शाळेत गॅदरिंग आहे. जंगलाचं नाटक बसवलंय, त्यात ती वाघ आहे."

"मग अडलंय कुठं?"

"अंगात नुसता लोंबतो हो. काल तालमीला पायात पाय अडकून पडली. पोरं हसली. पोतं आलं, पोतं आलं म्हणाली. आणि बाई म्हणतात, वाघ दुसऱ्या कुणाला देऊ, केतकीला झाड करू. झाडाला हलावं लागत नाही."

"पोरगी काय म्हणती?"

"काही नाही. जेवली नाही काल."

खाली हौदापाशी कबुतरं घुमत होती. तिथंच पायरीवर केतकी बसली होती, त्यांच्याकडं पाठ करून.

"माप घेतलंस?"

"पॅटर्न नऊ वर्षांचा आहे, मास्तर. केतकी नऊ वर्षांची आहे."

"वय कुठं विचारलं मी?"

ललिताला राग आला. हे असंच होणार, हे तिला पायऱ्या चढतानाच माहीत होतं.

शिवण ती मास्तरांच्याच हाताखाली शिकली होती. पण पुढं तिनं स्वतःचं दुकान घातलं आणि शहरातून तयार पॅटर्नची पाकिटं मागवायला लागली. पाकिटावर हसऱ्या पोराचं चित्र, खाली वय. आत पातळ कागदावर बाही, गळा, पाठ, पोट सगळं आखलेलं. कागद कापडावर ठेवायचा, टाचण्या लावायच्या, कापायचं. परी, ससा, सरदार, म्हणाल तो वेष. गॅदरिंगच्या दिवसांत तिच्या दारात आयांची रांग लागायची. पोराला सोबत आणायचीसुद्धा गरज नाही. दारावर तिनं पाटीच लावली होती : वय सांगा, कपडा घेऊन जा.

ती पाटी मास्तरांनी एकदा कुणाकडून तरी वाचून घेतली होती. काही बोलले नव्हते. तेव्हापासून दोघांचं जाणंयेणं बंद होतं.

"हे बघा," तिनं पाकीट त्यांच्यापुढं धरलं. "जसं आखलंय तसंच कापलंय. सुतभर इकडंतिकडं नाही."

मास्तरांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं. लांब नेलं. परत जवळ आणलं.

"हा कोण?"

"कोण म्हणजे... चित्र आहे, मास्तर."

"गुटगुटीत आहे गडी. ह्याला बसेल तुझा वाघ?"

"बसेल की. ह्याच्यासाठीच तर..."

ती थांबली.

मास्तरांनी पाकीट तिला परत दिलं आणि आता कुठं वाघाला हात लावला. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघत गेले. खांदा, काख, बाही. पायाच्या टोकाशी येऊन बोटं थांबली. तिथं कापड जाड लागत होतं.

"ह्यात दुमड ठेवलीस?"

"ठेवलीय."

"आणि ही बाहीत?"

"तिथंही."

"वाघाला?"

"सवय आहे. तुम्हीच लावलेली." तिच्या आवाजाला धार आली. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंत? पोराचा कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा. आत कापड दुमडून ठेवायचं. पोर वाढलं की उसवून सोडता येतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

"हा एका संध्याकाळचा कपडा आहे, ललिता."

"पुढच्या वर्षीही घालेल ना..."

वारा आला. कागदी पॅटर्न पिशवीत खसफसला. तिनं पिशवी पायाखाली दाबली.

मास्तर हळूच म्हणाले, "मला आता नीट दिसत नाही. पण ऐकू येतं. मगाशी दर्ग्याच्या पायऱ्या चढून दोघी आलात. पावलं एकीचीच आली."

ललितानं वाघाची बाही उगाच सरळ केली.

"नऊ वर्षांची पोर कडेवर?"

"ताप होता तिला. अशक्तपणा आहे."

"ललिता..."

"अशक्तपणा आहे म्हटलं ना!"

हौदावरची कबुतरं एकदम उडाली. केतकीनं मागं वळून पाहिलं. ललितानं हसून हात हलवला. पोरगी परत पुढं वळेपर्यंत ते हसू तिनं तसंच तोंडावर धरून ठेवलं, मग सोडलं.

"रक्तात दुखणं आहे," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. नेलं, ठेवलं, सुया टोचल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. तिला जे आवडेल ते करू द्या."

"आणि तिचा बाप?"

"ऐकलं आणि चहा घेऊन येतो म्हणून उठला. आला परत. पण चहा काही आणला नव्हता. अजून आमचं त्याविषयी बोलणं नाही."

"मग तू काय केलंस?"

"मी काय करणार? पाकीट मागवलं."

"हे?"

"हे. आणि दहाचं. अकराचं. बाराच्या घागऱ्याचंही मागवलंय." ती बोलायची थांबेना. "फळीवर ओळीनं लावून ठेवलीत. गिऱ्हाईक मागतं, मी देत नाही. ती केतकीची आहेत. रोज पुसते. कागद आलाय म्हणजे मास्तर, कुणीतरी, कुठंतरी, बारा वर्षांची केतकी आखूनच ठेवलीय की नाही? मला नुसतं कापायचं आहे... मला नुसतं..."

 

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. जुना, मऊ पडलेला टेप. तिच्यापुढं धरला.

"घे."

"नको."

"घे."

"तुम्ही घ्या ना माप. मी कपडा दुरुस्त करते. पण माप तुम्ही घ्या. पाया पडते."

मास्तरांनी दुसरा हात पुढं केला. नुसता हवेत धरला. झाडाचं पान हलावं तसा तो हलत होता.

"ह्यात टेप सरळ राहील?"

तिनं टेप घेतला.

मास्तरांनी खाली हाक मारली, "ओ वाघ! जरा वर या. शिंप्याला भिता का?"

केतकी उठली. एकेक पायरी धरत वर आली. येऊन मास्तरांकडं बघत राहिली.

"मास्तरबाबा, तुमची दाढी द्या ना. मला मिशा करायच्यात."

"दाढी दिली तर लोक मला ओळखायचे कसे?"

"नाही ओळखलं तर बरंच आहे. फाटके कपडे आणून देणार नाहीत कुणी."

"हे मला सुचलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "बघ, कशी पोर आहे! उगाच झाड करायला निघाले हिला."

"झाड मी होणारच नाही. झाडाला डायलॉग नाही."

"आणि वाघाला काय डायलॉग आहे?"

"डरकाळी. आणि दगडावरून उडी."

ललितानं टेप सोडला. केतकीनं आपणहून दोन्ही हात आडवे पसरले. शिंपिणीची पोर, तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आईचे हात पोरीच्या पाठीमागून पुढं आले. छातीवर टेपाची दोन टोकं भेटली. भेटली ती फारच लवकर. मग कमर. मग खांद्यापासून मनगट. मग पाय. अंगावर तेल चोळताना, न्हाऊ घालताना हे हात रोज याच पोरीवरून फिरत होते. पण तेव्हा हातात आकडे नव्हते.

"वाढले का गं?" केतकीनं विचारलं.

"वाढलीस."

"किती?"

"खूप."

मास्तर म्हणाले, "मला आकडा सांग."

ललितानं आकडा सांगितला, कुणाच्या कानात बोलावं तसा. तो सहा वर्षांच्या पोरीचा आकडा होता.

एवढं उभं राहून केतकीला दम लागला होता. ती तिथंच खांबाला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

"उसव," मास्तर म्हणाले.

ललितानं वाघ मांडीवर घेतला. दोरे काढले. पाय मोकळे झाले, बाह्या मोकळ्या झाल्या, कुशी मोकळ्या झाल्या. नव्या मापाच्या खुणा खडूनं केल्या आणि जास्तीचं कापड ती आत दुमडायला लागली.

"आत नको."

"मग?"

मास्तरांनी बाजूच्या डब्यातली कात्री तिच्याकडं सरकवली.

"काप."

"कापलं की गेलं, मास्तर."

"हं."

"आत राहू दे ना. बाहेरून कुणाला दिसतंय?"

"तिच्या पायांना कळतं. काल पडली ती कशानं पडली?"

ललिता खाली बघत राहिली. आत दुमडलेलं ते पिवळं कापड तिनं मुठीत धरलं होतं.

"तुम्ही मला शिकवलंत," ती म्हणाली. "पोराच्या कपड्यातलं जास्तीचं कापड कापणारा शिंपी नव्हे. असं म्हणाला होतात. तुमच्या तोंडचे शब्द आहेत."

"माझेच आहेत."

"मग आज मला हे सांगता? मला?"

मास्तरांनी झोपलेल्या पोरीच्या दिशेनं तोंड केलं. त्यांना ती दिसत असेल, नसेल...

"उद्या उडी मारायची म्हणाली," ते म्हणाले.

ललितानं कात्री उचलली. धार कापडाला लागली तशी तिनं डोळे मिटले. शिंप्यानं कधी करू नये ती गोष्ट. तरी कात्री सरळ गेली. एक पाय झाला. दुसरा पाय झाला. बाह्या झाल्या. पिवळे तुकडे ओट्यावर पडत गेले आणि वाऱ्यानं हौदाकडं जायला लागले. त्यांना धरायला तिचा हात पुढं गेला, पण कापड सुटेल म्हणून तो परत आला.

मग सुई. मशिनवर घालायला घरी जावं लागलं असतं, आणि घरी गेल्यावर आपला हात चालणार नाही, हे तिला कळत होतं. मास्तरांनी कापडाचं एक टोक ताणून धरलं. त्यांच्या हाताबरोबर कापड थरथरत होतं. त्या थरथरत्या कापडावर ती टाका घालत गेली. बारीक टाका, जवळ जवळ, पहिल्या वर्षी त्यांनी शिकवलेला.

उन्हं भिंतीवर चढली.

"केतू... ऊठ बाळा. घालून बघ."

पोरगी झोपेतच वाघात शिरली. ललितानं मागून चेन ओढली. चेन कुठं अडली नाही, कुठं फुगा आला नाही. पोट पोटाशी, मनगट मनगटाशी. हा वाघ बारका होता. फार बारका होता. पण तो वाघ होता.

केतकीनं हात वर करून बघितले. पाय झाडून बघितला. मग ओट्याच्या कडेला गेली आणि खालच्या पायरीवर उडी मारली.

कबुतरं उडाली. ती पडली नाही.

ती डरकाळी फोडायला गेली. अर्ध्यात खोकला आला. खोकला संपल्यावर पुन्हा डरकाळी फोडली आणि पायरीवरच बसली. छाती वरखाली होत होती, तोंड लाल झालं होतं. पिवळी बाही चिमटीत धरून तिनं ओढून बघितली. कापड जराही सैल निघालं नाही. तिला त्याचं फार हसू आलं.

"आई गं! केवढा अंगाबरोबर शिवलास! पुढच्या वर्षी मला हा होणारच नाही बघ!"

पोरगी मान वर करून, हसत, वाट बघत होती.

"मास्तर..." ललिता कशीबशी म्हणाली. "काय सांगू हिला?"

मास्तर टेप बोटाला गुंडाळत होते. हात थरथरत होता, टेप सुटत होता, ते पुन्हा गुंडाळत होते.

"हो म्हण."