मोगऱ्याचा दोर

चिमुकल्या फिलूच्या घरात सकाळपासून चूल पेटली नव्हती, पण तिला भुकेची आठवणही नव्हती. आई खाटेवर पडून होती आणि तिचा श्वास मंद मंद होत चालला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. आई पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती, "फिलू, कुणी आलं का गं?"

कोण येणार होतं? पूर्वी त्या गावात एक फार गोड रीत होती. कुणी शेवटच्या दुखण्यात असलं, की घरच्यांनी चर्चच्या घंटेचा दोर ओढायचा. मग विहिरीवरची बाई कळशी खाली ठेवायची, वाडीतला माणूस विळा खाली ठेवायचा आणि सगळे क्रुसाची खूण करून त्या घरी प्रार्थनेला जायचे. देवाघरी कुणी एकटं जात नसे.

मग बाल्थझार शेटांनी चर्चला बटणावर वाजणारी घंटा दिली आणि दोर काढून टाकला. शेट मनाने वाईट नव्हते हो. पैसा आणि यंत्र असलं की सगळं सुरळीत होतं, असं त्यांना मनापासून वाटायचं. घंटा तासातासाला वाजू लागली आणि लोकांचे कान तिला सरावले. काल फिलूच्या आईसाठीही शेटांनी बटण दाबलं होतं. घंटा छान घणघणली, पण कुणी मान वर केली नाही.

फिलू डोळे पुसत मागच्या वाडीत आली. तिथलं सोनचाफ्याचं इवलंसं रोप उन्हाने मान टाकून उभं होतं. फिलूच्या पेल्यात घोटभर पाणी होतं, ते तिने रोपाला घातलं.

तोच पिवळ्याधमक कळीतून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. पंख गुलाबी, झगा मोरपिशी, आणि केसांत दवाचे लुकलुकते थेंब.

"तहान तुला लागली होती ना?" परीने विचारलं.

"त्याला जास्त लागली होती," फिलू म्हणाली.

"देवबापानं मला तुझ्याकडे पाठवलंय. एक इच्छा माग. पण आयुष्य वाढवणं माझ्या हाती नाही, ते त्याच्या हाती. आणि मागशील त्याला तुझे स्वतःचे हात लागले पाहिजेत."

फिलूच्या ओठांवर एकच मागणं होतं आणि नेमकं तेच मागता येत नव्हतं. ती ओक्साबोक्शी रडली. परी तिच्या खांद्यावर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने फिलू म्हणाली, "मग आईला एकटीला जाऊ देऊ नकोस. मला घंटेचा दोर दे."

परीने मोगऱ्याच्या कळ्या आणि उन्हाचे सोनेरी धागे घेऊन लांबच लांब दोर वळला. क्षणात तो घंटेला जाऊन लटकला. फिलू धावत चर्चकडे गेली. तिने दोर ओढला, लोंबकळली, पण ती भलीमोठी घंटा हलेना.

बाल्थझार शेट चर्चमधून बाहेर आले. "पोरी, हात सोलतील. बटण आहे ना?"

"काल दाबलं होतं, शेटकाका. कुणीच आलं नाही."

शेटांनी वर घंटेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माझी आई गेली तेव्हाही घंटा अगदी वेळेवर वाजली होती. मी दारात वाट बघत होतो." त्यांनी पायातले बूट काढले आणि फिलूच्या हातांवर आपले हात ठेवून दोर ओढला.

घंटा अडखळत वाजली, हुंदके दिल्यासारखी. गावाने ओळखलं, आज दोराला माणसाचे हात आहेत. कळश्या खाली टेकल्या. विळे थांबले.

फिलूचं घर माणसांनी भरून गेलं. शेजारच्या सिसिलियामावशींनी आईच्या ओठांना पेज लावली, कुणी मेणबत्ती पेटवली, आणि सगळ्यांनी प्रार्थनेचं गाणं धरलं. आईने एकेक चेहरा डोळे भरून पाहिला. "आले ना गं सगळे," ती म्हणाली आणि गाणं संपायच्या आत शांतपणे गेली.

फिलूने टाहो फोडला. मावशींनी तिला पोटाशी धरलं. "आजपासून तू माझी लेक," त्या म्हणाल्या, आणि त्याही रडल्या.

खिडकीत परी उभी होती. तिने फिलूकडे पाहून हात जोडले, तिच्याभोवती सोनेरी उजेड दाटला आणि त्यातच ती विरून गेली.

दोर मात्र राहिला. यंत्रावर आता धूळ बसलीय. गावात कुणी शेवटच्या दुखण्यात असलं की फिलू स्वतः दोर ओढायला जाते, आणि तिथे शेट आधीच बूट काढून उभे असतात.