न आलेल्यांचं वजन

एकदा आमच्या अंगणवाडीत एक वृद्ध बाई शिकवायला आल्या होत्या. पोरांना नव्हे, ताईला. त्याला आता सहा वर्षं होतील, पण कुठं नाचणी भाजल्याचा वास आला की तो दिवस अजून जसाच्या तसा समोर येतो.

बाईंनी आयुष्यभर अंगणवाड्यांची देखरेख केली होती. निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या कार्यालयानं त्यांना मुद्दाम परत बोलावलं. आपण जे करतो त्यानं मुलांचं खरोखर भलं होतं का, हे आपलं आपण कसं शोधायचं, ते त्यांनी सेविकांना शिकवायचं होतं. आमची वैजयंताताई त्यांची शिष्या. वयानं लहान, पण कामाला दमायची नाही.

त्या जूनमध्ये ताईनं बत्तीस मुलांची वजनं केली. नऊ मुलं लाल रंगात निघाली, म्हणजे वजन फारच कमी. ताईनं वाढीचा तक्ता भिंतीवर लावला, प्रत्येक नावापुढं हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका दिला आणि रोज सकाळी नाचणीचे लाडू सुरू केले. लाडू ती स्वतः वळायची. सप्टेंबरात लाल ठिपके दोनच उरले. कार्यालयाला आनंद झाला. हेच लाडू सगळ्या तालुक्यात द्यायचे असं ठरत आलं. ताईच्या अहवालावर बाईंची सही तेवढी बाकी होती.

पुढचं मला ताईनंच सांगितलं. बाई आल्या तेव्हा पोरं वजनासाठी रांगेत उभी होती. बाईंनी अहवाल शांतपणे वाचला, दोन लाडू खाल्ले, चांगले झालेत म्हणाल्या. मग उठून आढ्याला टांगलेला वजनकाटा काढला, झोळीसकट पिशवीत घातला आणि चपला घालू लागल्या.

ताई गोंधळली. "बाई, पोरं तर इथं आहेत."

"इथली तुला ठाऊक आहेत. जूनची वही घे बरोबर."

ओढ्यापलीकडं पहिलं घर माझं. मी दारात भांडी घासत होते. दोघी येताना दिसल्या तशी मी तनूला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

तनू तेव्हा अडीच वर्षांची होती. तिचा ठिपका लाल, भिंतीवर सगळ्यांनी पाहिलेला. पाण्याच्या टाकीवर एकीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय गं, पोरीच्या वाटणीचंही तूच खातेस वाटतं?" बाकीच्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी तिला अंगणवाडीत पाठवलंच नाही. ताईचे निरोप आले की मामाकडं गेलीय म्हणून सांगायचे. पण आंघोळ घालताना तिच्या बरगड्या बोटांना लागायच्या आणि माझा हात थांबायचा. दवाखान्यात न्यावं, तर तिथंही कोणी तेच विचारलं तर?

बाई पायरीवर बसल्या. पाणी मागितलं. पाणी आणायला मी दार उघडलं, तेवढ्यात माझ्या पायांमधून तनू बाहेर आली नि म्हणाली, "ताई, लाडू?"

"मामाकडून कधी आलीस गं?" ताईनं विचारलं. मी खाली बघितलं.

बाईंनी काटा जांभळाच्या फांदीला अडकवला. तनूला झोळीचा झोका वाटला, ती खुशीत बसली. आठ किलो तीनशे. जूनपेक्षा दोनशे ग्रॅम कमी.

"का पाठवत नाहीस, बाळ?" बाईंनी मला विचारलं. त्या हळू बोलल्या म्हणूनच असेल, मी सगळं सांगून टाकलं.

तिथून दोघी आणखी पाच घरी गेल्या. तिथंही ठिपक्याचीच लाज निघाली. दुपारी परतताना पुन्हा माझ्या पायरीवर टेकल्या. ताईचे डोळे लाल झाले होते.

"बाई, मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही."

"खोटं कोण म्हणतंय? जूनमध्ये बत्तीस होती, सप्टेंबरात सव्वीस. जी सहा गेली ती सगळी लाल ठिपक्याची. नऊ लालांतली उरली तीन, त्यांतलं एक सुधारलं. त्याला लाडवाचा गुण आला असेल, नसेलही. एका पोरावरून तालुक्याला काय सांगणार? वैजू, तक्ता अचानक देखणा दिसायला लागला की थांबायचं आणि यातून कोण गेलं ते आधी विचारायचं. ते का गेलं, हे त्याच्याच दारात जाऊन विचारायचं. उत्तरात आपलंच नाव निघेल याची भीती वाटते. मलाही वाटायची. माझी निम्मी नोकरी मी न विचारता काढली."

ताईनं वही मिटली. मग माझ्याकडं वळली. "तनूच्या आई, मग रंग कसा सांगू मी तुम्हांला?"

आजवर मला कोणी असं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कानात सांगा."

भिंतीवरचा तक्ता त्याच दिवशी उतरला. ताईनं अहवाल नव्यानं लिहिला, सहा मुलांची नावं सगळ्यांत वर घातली आणि ती कशामुळं गेली तेही लिहिलं. शाबासकी हातची गेली. बाईंनी मात्र त्यावरच सही केली. तालुक्यात लाडू देण्याचं तूर्त थांबलं, पण न आलेल्या मुलांच्या घरी जाण्याचा नियम सगळीकडं झाला. तनूला नि मला ताई स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. तिथं कोणी मला काही बोललं नाही.

दर महिन्याला वजन झालं की ताई एकेका आईच्या कानाशी वाकायची. फेब्रुवारीत माझ्याजवळ आली आणि पुटपुटली, "तनू पिवळ्यात आली."

मला रडू आलं. म्हटलं, "ताई, आता मोठ्यानं सांगा, टाकीपर्यंत ऐकू जाऊ दे."

"नको," ताई तशीच हळू म्हणाली. "तुमच्यामागं उभी आहे ना, तिच्या पोराचा रंग अजून सांगायचाय."